मागितलेली भिंत

मी, श्रीमती स्वप्ना रत्नदीप शेजवळ, वय ३८ वर्षे, धंदा शिवणकाम व पिको-फॉल, राहणार पंचशील चाळ, रुळांपलीकडे, मोहने, ता. कल्याण, जि. ठाणे. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर मुलगी मेघना हिच्यासोबत राहते. माझे पती रत्नदीप हे तीन वर्षांपूर्वी कामावरून येताना चाळीसमोर रूळ ओलांडत असता गाडीखाली सापडून मयत झाले. त्याचे कागद याच ठाण्यात आहेत. त्याबद्दल मला आज जास्त काही सांगायचे नाही.

पती गेल्यानंतर मी चाळीतल्या बायकांच्या सह्या घेऊन अर्ज केला होता की, येथे पादचारी पूल बांधावा आणि पूल झाल्यावर रुळांकडेने भिंत घालावी, म्हणजे कोणी रुळांवर जाणार नाही. भिंतीची मागणी माझीच आहे. ती मी नाकारत नाही.

यंदा बजेटमध्ये आमच्या पुलासाठी आणि भिंतीसाठी निधी मंजूर झाल्याचा फलक नाक्यावर लागला. पेढे वाटले. मीही घेतला. त्यानंतर भिंतीचे काम सुरू झाले. पुलाचे झाले नाही. ठेकेदाराचे सुपरवायझर मितेश यांना मी विचारले असता ते म्हणाले, "ताई, भिंतीचा पैसा आलाय. पुलाचा पुढच्या बजेटला बघतील." मी म्हणाले, "मग तोवर आम्ही उडत जायचं काय?" त्यावर ते हसले.

येथे साहेबांनी मला सांगितले की बजेटचा या गुन्ह्याशी संबंध नाही, फक्त घडले ते सांगा. मी सांगितले की घडले ते तिथूनच घडले आहे, ते लिहिल्याशिवाय मी पुढे बोलणार नाही. म्हणून ते लिहिले आहे.

चाळीतून बाहेर पडायला दुसरा रस्ता नाल्यावरच्या मोरीवरून आहे. मोरी पावसाळ्यात खचली. तिच्यावरून रिक्षा येत नाही. माणूस एकटा कसाबसा जातो.

काल सोमवारी दुपारी शेजारच्या जाईबाई माझ्या दारात आल्या. त्यांची सून पायल हिचे दिवस भरलेले होते. जाईबाई म्हणाल्या, "स्वप्ना, पाणी गेलंय गं. माझा राकेश कामावर भिवंडीला आहे." मी शिलाई तशीच टाकून गेले. पायलला उभे राहवत नव्हते. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही बायकांनी खुर्ची उचलली. मोरीपर्यंत जाऊन पाहिले. खुर्ची घेऊन पलीकडे जाता येईना, म्हणून परत फिरलो. पायल तेव्हा मला म्हणाली, "ताई, मला इथंच ठेवू नका." एवढेच म्हणाली.

आम्ही भिंतीकडे आलो. भिंतीत ये-जा करण्यापुरती एकच जागा उरली होती आणि त्या जागेत छातीपर्यंत वीट चढली होती. भिवा मिस्त्री काम करत होते. ते म्हणाले, "वहिनी, संध्याकाळच्या आत बंद करायचा हुकूम आहे." मी म्हणाले, "भिवाभाऊ, बाजूला व्हा." ते बाजूला झाले. मितेश धावत आले व म्हणाले, "सरकारी काम आहे, हात लावाल तर केस होईल." मी म्हणाले, "कर केस. माझं नाव नीट लिही. आधी हिला जाऊ दे."

मी पहार घेऊन ओल्या विटा पाडल्या. मला पहार कोणी दिली असे विचारले. पहार तिथे पडलेली होती. सोबत कोण होते असेही विचारले. खुर्ची उचलायला पुष्कळ जणी होत्या. भिंत मी एकटीने पाडली. सकाळपासून चाळीतल्या सहा बाया ठाण्याबाहेर बसून 'भिंत आम्ही पाडली' असे सांगत आहेत. त्या खोटे बोलत आहेत. त्यांना घरी पाठवावे.

गाडी जाऊ दिली, दोन्हीकडे बघितले आणि खुर्ची पलीकडे नेली. मी पुढे होते. त्या जागेवरून मी तीन वर्षांत प्रथमच गेले. रस्त्याला रिक्षा मिळाली. दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात ऑपरेशन होऊन पायलला मुलगी झाली. मूल आडवे होते. डॉक्टरबाई जाईबाईंना म्हणाल्या, "अजून उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते." दोघी बऱ्या आहेत.

आज सकाळी ती जागा पुन्हा पूर्ण बांधून घेण्यात आली आहे. तिथे पहारेकरीही बसवला आहे. पहारेकऱ्यासाठी निधी कुठून आला ते मला माहीत नाही.

पुन्हा असे करणार नाही अशी हमी लिहून दिल्यास प्रकरण इथेच मिटेल, असे मला सांगण्यात आले. चाळीत अजून दोघी पोटुशा आहेत. मी हमी देत नाही. पूल होईल त्या दिवशी भिंतीची राखण मी स्वतः करीन.

हवालदार मॅडमनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'गैरसमजातून व रागाच्या भरात भिंत पाडली' असे लिहिलेले होते. मी म्हणाले, "मॅडम, गैरसमज कुठलाच नव्हता आणि राग नंतर आला." मॅडमनी साहेबांकडे पाहिले, मग ते शब्द खोडून वर 'समजून उमजून' असे लिहिले. खोडलेल्या जागी मी सही केली आहे. आता हा जबाब मी सांगितला तसाच आहे.