दुपारची बाग

(जपानमधल्या नाराहून निघालेली बस. शैलजा खिडकीशी, सून विभा शेजारी, चार वर्षांची पूर्वी दोघींच्या मांडीवर आडवी.)

शैलजा : म्हणजे आपलं चर्च झालं म्हणायचं.

विभा : झालं. तिकडे फ्रान्सला रुआँचं जुनं चर्च, इकडे नाराचं देऊळ. चालेल ना, आई?

शैलजा : न चालायला काय झालं? उंच दार, आत अंधार, बाहेर आलं की डोळे दिपतात. देव तेवढा वेगळा. आणि चर्चच्या अंगणात हरणं कुठली!

पूर्वी : शिका-साननी माझी ओनिगिरी खाल्ली!

विभा : खाल्ली नाही, तू दिलीस. बिस्किटं हरणांची, भाताचा गोळा तुझा, एवढं सांगूनसुद्धा.

पूर्वी : शिका-सान, ओनाका पेकोपेको!

विभा : पोट रिकामं होतं म्हणे त्याचं.

शैलजा : देऊ दे गं. काय दिसत होती ती हरणं! झाडांतून ऊन पडलं होतं अंगावर, ठिपके कुठले आणि ऊन कुठलं कळेना. अजून डोळ्यांत तेच आहे.

विभा : बाबांनी अस्साच दिवस आखला होता ना? सकाळी चर्च, मग जेवण, मग बाग?

शैलजा : अस्साच. शाळेचं वेळापत्रक कायम ह्यांच्याच हातचं, मग सहलीचं सोडतील का? आंघोळ करताना मोठ्यांदा म्हणायचे, 'सकाळी रुआँ, दुपारी बाग!' शेजारच्या सुप्रभाताईंना वाटायचं, नवीन स्तोत्र घेतलंय.

विभा : पण बाग दुपारीच का?

शैलजा : माझ्यासाठी. जेवल्यावर मला पाय सोडून बसायला लागतं. म्हणाले, 'चढउतार सगळे सकाळी. मग तू तळ्याकाठी बस, मी ऊठ म्हणणार नाही.'

विभा : आणि कमळं तुमच्या कॅलेंडरातली.

शैलजा : औषधाच्या दुकानाचं फुकटचं कॅलेंडर गं. गॅसच्या वर टांगलेलं. वर्ष संपलं तरी मी ते पान उतरवू दिलं नाही. तारखांवर फोडणीचे शिंतोडे, वर त्या फ्रेंच चित्रकाराच्या बागेतलं तळं. कुकरची वाफ वर गेली की पाणी हलल्यासारखं वाटायचं. भाजी खाली लागली तरी मला पत्ता नसायचा. ह्यांनी कधी विचारलं नाही, काय बघतेस म्हणून. एकदम फ्रान्सची तिकिटंच काढली.

विभा : मला बाबा बघायलाच मिळाले नाहीत.

शैलजा : तुझ्याशी पटलं असतं त्यांचं. तुम्ही दोघं वेळेवर निघणारी माणसं.

विभा : मग तो भूकंप झाला.

शैलजा : जूनमध्ये निघायचं, आणि मार्चमध्ये तो. धीरज सेंदाईला शिकत होता. फोन लागेना. टीव्हीवर ते काळं पाणी. हे टीव्हीसमोर उभेच, बसा म्हटलं तरी बसेनात. पोरगा सुखरूप घरी आला, पण अर्धाच आला. भांडं पडलं तरी टेबलाखाली जायचा. ह्यांनी तिकिटं रद्द केली. म्हणाले, 'बाग कुठे जातेय?' बाग नाही गेली. दिवाळीआधी हेच गेले.

विभा : धीरजला वाटतं, त्याच्यामुळे राहिली तुमची सहल.

शैलजा : म्हणाला तुला?

विभा : म्हणतोय कसला! सबवेत त्या कमळांचं पोस्टर लागलं होतं, तर हा रोज लांबच्या जिन्याने जायचा. आजही मीटिंग-बिटिंग काही नाही त्याला. रविवारी कसली मीटिंग?

शैलजा : मला कळत नाही होय? सकाळी माझ्या बुटांचे बंद बांधून दिले, पण मान वर केली नाही.

विभा : उद्या तुमचं विमान आहे, आई. जायच्या आधी एकदा बोला ना त्याच्याशी.

शैलजा : काय बोलू? 'तुझ्यामुळे नाही रे' म्हणू? ते म्हटलं की त्याला कळणार, माझ्या मनात कधीतरी आलं होतं.

विभा : आलं होतं?

शैलजा : आलं होतं गं. आईच्या मनात येऊ नये ते सगळं येतं, तुलाही कळेल. तो दिवस मी इतक्यांदा जगलेय, विभा. ऊन उतरलेलं, सगळी कमळं उमललेली, हे शेजारी बूट काढून बसलेत. इतका सुंदर दिवस हातचा गेला की मन उगीच शोधत बसतं, कुणापायी गेला.

विभा : चला, आला आपला स्टॉप. पूर्वी, ऊठ राणी. आजीचा हात धर.

शैलजा : अगोबाई! कॅलेंडरातला तोच पूल! हिरवा!

विभा : तिकडच्या बागेवरूनच केलीय ही. सांभाळून, पायरी आहे.

शैलजा : ढग बघ पाण्यात. झाडं खाली, आभाळ खाली... आपण कुठे उभ्या आहोत तेच कळत नाही. पण विभा, कमळं कुठायत?

विभा : ही काय, एवढी पानं...

शैलजा : पानं दिसतात मला. फुलं?

पूर्वी : ओहाना, नेन्ने.

शैलजा : काय म्हणते?

विभा : फुलं गाई करतायत. थांबा, पाटी वाचते... अरे देवा. 'फुलं सकाळी उमलतात, दुपारी मिटतात.' सॉरी, आई! बाबांच्या क्रमात काही बदलायचं नाही म्हटलं, आणि साइटच नाही बघितली.

शैलजा : सगळीच मिटतात?

विभा : ह्या जातीची सगळीच.

शैलजा : आणि तिकडची?

विभा : तिकडचीही हीच, आई.

शैलजा : म्हणजे ह्यांनी मला...

विभा : आई? रडू नका ना. आपण परत येऊ, सकाळी येऊ...

शैलजा : हसतेय गं, हसतेय! वेळापत्रकवाले! एवढं साता समुद्रापलीकडे नेऊन मिटलेल्या कमळांसमोर बसवलं असतं मला! आणि वर म्हणाले असते, 'शैला, बघायला काही नाही ना, मग बस निवांत!'

पूर्वी : शूऽऽ! आजी, नेन्ने!

शैलजा : हो गं बाई. हळू हसते.

विभा : इथे बसा. पाय सोडा.

शैलजा : मिटलेलीही गोड दिसतात, नाही? तुपात भिजवलेल्या फुलवातींसारखी. फोन लाव बरं धीरजला.

विभा : काय सांगू?

शैलजा : तू नको, मीच बोलते. धीरज? जेवलास का रे?... हळू बोलतेय, तुझी लेक ओरडते... बरी आहे मी. तळ्याकाठी बसलेय. अरे, एवढंच सांगायचं होतं, दुपारी ही कमळं मिटलेली असतात... हो रे राजा. तिकडचीसुद्धा.