गटारीपुढचा ओटा

मी नंदुरबारचाच, गनी मणियार. बाजारात कुणालाही विचारा, आंधळासुद्धा हात धरून आणून सोडेल. माझा बाप बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायचा, रनाळ्याला, प्रकाशाला, होळीला तर डोंगर चढून पार काठी गावापर्यंत, आणि पेटी एवढी जड की एकदा बाप तापीत उतरला तर पाणीच बाजूला सरलं, असं तो स्वतः सांगायचा, आणि बाप खोटं कशाला बोलेल. पुढे त्याचे गुडघे गेले, तेव्हा त्यानं पेठेतल्या एका लुगड्यांच्या शेठकडून दुकानापुढचा ओटा भाड्यानं घेतला. आत शेठची गादी, बाहेर आमच्या बांगड्या. काय सांगू तुम्हाला, तेव्हा दुकानापेक्षा ओट्याला भाव होता, कारण गिऱ्हाईक आधी ओट्यावर टेकतं, मग आत डोकावतं. आमचा ओटा एवढा ऐसपैस की त्यावर हत्ती निजला असता आणि वर बापाला पाय पसरायला जागा उरली असती. बरं, हत्ती नाही तर नाही, पण चार बायका आणि मी, एवढे तर नक्कीच मावायचो.

बाप गेला, ओटा माझ्याकडे आला. आणि दुसऱ्या मोठ्या लढाईच्या अगोदर मुन्शीपालटीनं दवंडी पिटली की रस्ता रुंद करायचा आहे, गटारीच्या पुढे आलेलं सगळं बांधकाम काढा, नाहीतर आम्ही काढू. आमचा ओटा तर सगळाच्या सगळा गटारीपुढे. मी शेठकडे गेलो, म्हटलं शेठ, आता कसं. तो गादीवर लोळत म्हणाला, गनी, ओटा नाही तर भाडं कशाचं, आणि भाडं नाही तर तू कशाचा. त्याला तिथे पुढे लुगडी टांगायची होती, हे मला माहीत होतं. माझे गुडघे बापाच्याच वळणावर गेलेले. पेटी डोक्यावर घेऊन पुन्हा प्रकाशापर्यंत चालायचं म्हणजे अर्ध्या वाटेत माझा दर्गाच बांधावा लागला असता.

आता साहेबाची चूक ऐका. मुन्शीपालटीचा ओव्हरसियर पुण्याकडचा, स्वभावानं वाईट नाही, पण त्यानं ओटे तोडायला दिवस कोणता निवडला, तर ऐन लग्नसराईतला. आमच्या इकडचा कुणी असता तर असल्या दिवसात पहार हातात धरता ना. तो गडी घेऊन आला तेव्हा ओट्यावर रनाळ्याची नवरी बसलेली, सोबत तिची आत्या, चांगली जमीनदारीण, आवाज असा की तिकडे धुळ्यात लोक दारं लावून घ्यायचे. नवरीचा डावा हात हिरव्या काचेनं भरून झाला होता, उजवा उघडा, आणि माझ्या हातात.

साहेब म्हणाला, बाई, उठा, काम सुरू करायचं आहे. गडी मात्र पहारी टेकून उभे. एक हात भरलेली नवरी कुणी उठवत नाही, आणि ओट्याला पहार लागली, हादरा बसला आणि तिच्या हातातली काच गेली तर ते कुणाच्या माथी? आम्ही तर बांगडी फुटली असा शब्दही तोंडातून काढत नाही, वाढली म्हणतो. साहेबानं पुन्हा सांगितलं, तशी आत्या वळली.

सायेब, एक हात भरेल शे, एक उघडा शे. नवरीले अशी उठाडी ऱ्हायनात, तुमना घर आई-बहिणी शेत का नहीत?

साहेब तिथेच शेजारच्या पायरीवर बसला. मीही मग काय, बांगडी अशी चढवायला लागलो की दुपारच्या नमाजाला धरलेली दिवस कलता आसरच्या नमाजाला मनगटावर पोचली. हात नाजूक आहे, म्हटलं, घाई करून चालत नाही. नवरीचा हात भरत आला तशी तिच्या चुलतीनं हात पुढे केला, मग तिच्या मागचीनं. हात दिला की दिला, तो अर्ध्यात सोडता येत नाही. गर्दी एवढी वाढली की म्हणाल तर आख्खं रनाळं ओट्यावर. साहेबानं माझ्याकडचा चहा प्यायला, नवरीकडचा लाडू खाल्ला, आणि अंधार पडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, गनीभाई, ओटा मला तोडावाच लागेल, पण हुकुमात बांधकाम म्हटलंय. सकाळी टाकलेली आणि संध्याकाळी उचललेली फळी म्हणजे बांधकाम नव्हे.

फळी टांगायची तर भिंतीत कडी हवी. शेठ आतून ओरडला, माझ्या भिंतीला मी कडी ठोकू देणार नाही. आत्याची लग्नाची लुगडी त्याच्याच दुकानातून निघायची होती, गठ्ठा काढून ठेवलेला. ती गठ्ठ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, शेठ, मणियार जठे बठी, तठेच आम्ही लुगडा लेसूत. मणियार नाही तर खरेदीही नाही, एवढं ऐकवून ती नवरीला घेऊन पेठेतून चालू लागली, समोरचा दुकानदार तर लगेच गादी झटकायला लागला.

शेठनं स्वतःच्या हातानं कडी ठोकली, आत्या पेठेच्या वळणावर पोचायच्या आत. मग ओटा तुटला. बापाचा ओटा, डोळ्यांदेखत, आवाज मी कमी-जास्त करून सांगणार नाही, तो जसा झाला तसाच ऐकला.

आता आख्ख्या पेठेत फळ्या लटकतात. मुन्शीपालटीनं फळीवरही करपट्टी बसवली, म्हणजे गटारीवरच्या हवेचं भाडं मी सरकारला देतो आणि कडीचं शेठला. लढाईत भाड्याचा कायदा आला, आता शेठ मला काढूही शकत नाही, म्हणून रोज काढीन म्हणतो आणि संध्याकाळी फळी उचलताना खालून हात लावतो, त्याचंही वय झालं. रोज अंधार पडला की माझं दुकान जगातून नाहीसं होतं, बरं का, भिंतीला टेकलेलं एक लाकूड राहतं. अल्लाची मेहेर, सकाळी पुन्हा होतं. तुमच्या घरचे हात भरलेले राहोत.