बरा झालो तर

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट पाहत बसलेल्या एका मावशींच्या शेजारी एक जोडपं टेकलं. नवरा गुडघा चोळत होता.

"ऑपरेशन नको म्हणतो मी."

"घाबरलात?"

"गुडघा बरा झाला, तर सिनेमात मला झॉम्बी म्हणून कोण उभं करील?"

"उभं कुठे करतात? पहिल्याच गोळीला आडवे होता."

"अगं, आधी सैनिक म्हणून मरायचं, मग प्रेत होऊन यायचं. अख्ख्या महायुद्धात आम्ही सहाच जण, शत्रू धरून."

"आणि येऊन करता काय?"

"लंगडतो. दिग्दर्शक म्हणतात, असं लंगडणं शिकवून येत नाही."

"कसं येईल? जिन्यावरून पडून आलंय ते."

"कर चेष्टा. नाटकात जन्मभर सरळ चाललो, कुणी ढुंकून पाहिलं नाही. लंगडलो आणि पोस्टरवर आलो."

"पाठमोरे."

"पण आलो ना!"

"अहो, कूस बदलताना कण्हता, ते पोस्टरला ऐकू येत नाही. मला येतं."

तो पुन्हा गुडघा चोळू लागला.

"बरे व्हा, आणि लंगडायचं नाटक करा. नट आहात ना?"

"तेवढा चांगला नट असतो, तर प्रेताची कामं केली असती का?"

आतून त्याच्या नावाची हाक आली. त्यानं मुकाट्यानं उठायला बायकोपुढे हात केला.