खुर्चीतले बाबा

दातांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. ताईचा गाल चांगलाच सुजला होता, जीभ मात्र ठणठणीत होती.

"ताई, तू आता त्या घरात एकटी राहू नकोस. परवा दुपारी तू इथे आली होतीस ना, तेव्हा मला तिथे घरी बाबा दिसले."

"अरे वा. चार वर्षं अंथरुणाला खिळले होते तेव्हा तुला दिसले नाहीत. गेल्यावर बरे दिसले."

"चेष्टा नको. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मला बघून उठले आणि चालत आले."

"चालत? मला त्यांना कुशीवर वळवायलासुद्धा शेजारच्या काकूंना बोलवावं लागायचं. तुझ्यासाठी बरे पाय फुटले."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, 'जेवलास का?'"

"बोलले? स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट. मी घाबरून पळत सुटलो."

"त्याची सवय आहेच तुला."

आतून ताईला हाक आली. ती जागची हलली नाही.

"ताई, तुझा नंबर आलाय."

"किती वाजता दिसले म्हणालास?"

"तीनच्या सुमाराला. का?"

"त्यांना जाऊन सहा महिने झाले. परवाचा दिवस सोडला तर मी रोज तीन वाजता त्या खुर्चीसमोर जाऊन बसते. माझ्याशी अजून एक शब्द बोलले नाहीत रे."