बायजाचे तळहात

— नाय नाय, आधी बसा. भांडायचं असलं तरी बसून भांडा. आंबिवलीपासून कोपरीपर्यंत आलात, सदरा घामानं चिंब झालाय — पानी घ्या. घ्या हो, व्याही! बघा, तांब्याकडं कसे बघता, जसं काय आत इंचू हाय. तेच म्हनते मी. तुमच्या कानावर जे आलं ना, ते अर्धं खरं आन अर्धं खोटं. ‘ठमाबाईच्या सुनेला महारोग झाला, सासूनं तिला मिठागरावरच्या खोपीत टाकली, आता लेकीला घेऊन जा’ — असंच ना? तोंडावरच दिसतंय तुमच्या. मंग ऐका. तुमची बायजा खोपीत व्हती, हे खरं. महारोग नव्हता, कधीच नव्हता. आन आता त्या खोपीत कोन निजतंय ते ऐकलंत तर हसाल. सांगते. पन सुरवातीपासनं सांगते, नायतर तुमी मधीच उठाल.

नवरात्रात पोरीच्या अंगात कसर आली, बारीक ताप. डोकं दुखतं, हाडं दुखतात, रातीला तर जास्तीच. मी म्हनलं उन्हाचं झालं असंल, काढा पाजला. मंग अंगावर डाग आले. पाठीवर, पोटावर, दंडावर. आन कसे? लाल म्हनावं तर लाल नाय, काळे म्हनावं तर काळे नाय — न घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखे. मंग केस. शेंडी उपटल्यागत नाय, तर हितं थोडे, तितं थोडे, उंदरानं लुगडं कुरतडावं तसे. पानवठ्यावर बायका बघत्यात, डोले हायेत ना त्यांला! सखुबाईनं हात धरला तिचा, तळहात वर केला आन सोडून दिला — निखारा सोडावा तसा. तळहातावर पन तेच डाग. झालं! भगत आला, लांबनंच बघितलं, लांबनंच सांगितलं, महारोग. आळीतली मानसं आली, म्हनाली, ठमाबाय, सुनेला बाहेर ठेव नायतर आमी तुमच्याकडं पानी पिनार नाय. बायजा रडली नाय हो. गपचीप घोंगडी घेतली आन खोपीत जाऊन बसली. मी भाकर घेऊन गेले तर म्हनते, ‘आत्या, पुढं येऊ नको, तितंच ठेव.’ मला! हिला माज्याच हातानं हळद लावून आनली मी, आन मला म्हनते पुढं येऊ नको. मी भाकर ठेवली आन तिच्या मांडीला मांडी लावून बसले. म्हनलं, उद्या सकाळी ठान्याला जायचं, सरकारी दवाखान्यात. तितल्या त्र्यंबकराव डागदरानं माजी दाढ उपटलीवती, तवापासून माजा त्याच्यावर जीव हाय — शिव्या खाऊन पन हसत व्हता.

तर गेलो. डागदरानं तिला आत नाय बसवलं, पडवीत आनलं, उन्हात. म्हनला, ‘असले डाग दिव्याच्या उजेडात बघायचे नसतात बाई, दिवा फसवतो.’ आन विचारलं काय? ‘खाज येते का?’ मी म्हनलं, अहो एवढे डाग, खाजत नसतील का! पन बायजा म्हनते, ‘नाय, जरा पन नाय.’ तो म्हनला, ‘बरं.’ तळहात बघितले, मंग पाय वर करायला लावले, तळपायावर पन तेच. म्हनला, ‘घामोळं तळव्यावर येत नाही. आणि खरूज अशी गप्प बसत नाही.’ मंग तोंड उघड म्हनला. आत गालाला आन जिभेखाली पांढुरके चट्टे, गोगलगाय फिरून गेल्यागत. मानेत चाचपलं, कोपराच्या वर चाचपलं — गाठी, वाटान्यासारख्या. दाबल्या तरी दुखत नव्हत्या. मी म्हनलं, डागदर, ते महारोगाचं काय ते सांगा, माजा जीव टांगलाय. तवा त्यानं कोंबडीचं पीस काढलं आन एक टाचनी. बायजाला म्हनला, डोले मीट आन एकेका डागावर काय लागतंय ते सांग. पीस लावलं, ‘पीस.’ टाचनी लावली, ‘टाचनी.’ पोर एवढी भ्यालेली की पुढं पुढं त्यानं काय पन लावायच्या आधीच ‘आई गं, टाचनी!’ म्हनून वरडली. हसला तो. म्हनला, ‘महारोगाच्या डागावर टोचलेलं कळत नाही. हिला तर न टोचलेलं पण कळतंय. बाई, हा महारोग नाही.’

व्याही, त्या पडवीत तुमची लेक खाली बसली आन हसली. पदरात तोंड घालून हसली. मंग रडली. मी पन. तितला कंपाउंडर बघतच राहिला, दवाखान्यात रोग हाय म्हनल्यावर रडतात, नाय म्हनल्यावर कोन रडतंय!

पन डागदर हसत नव्हता. म्हनला, ‘हिचा नवरा कुठं आहे?’

आता हे ऐका, आन ऐकताना तुमचा सोटा खाली ठेवा. राघो पावसाळ्याच्या आधी मचव्यावर मीठ घेऊन मुंबईला गेलता. चांगला महिनाभर राहिला. त्याला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला. डागदरानं आमाला बाहेर काढलं — मी आई हाय, मी कुठं जानार? दाराआड उभी. विचारतोय, ‘तिथं फोड आला होता? न दुखणारा, आपोआप बरा झालेला?’ राघो म्हनतो, ‘मचव्याचा दोर घासला.’ डागदर म्हनतो, ‘दोर तिथपर्यंत कसा पोचला, ते मला समजावून सांग.’ कंपाउंडर फुसकन हसला, आन मी दाराआड — काय सांगू, लाज पन वाटली, आन हसू पन आलं, आन पायातली वहान पन हातात आली. तर गरमी व्हती ती, बाहेरच्या बाईकडं जानाऱ्याला लागते तीच. त्यानं आनली, हिला दिली. पोरीचा दोष एवढाच की तिनं नवरा आला म्हनून दार उघडलं.

डागदरानं मला आत बोलावलं, राघोचे हात उजेडात धरून दाखवले. डाग फिकट झाले व्हते, पन व्हते. तांब्याचे. आन मी त्या हाताकडं बघितलं आन — असे हात मी बघितलेत, व्याही. याच्या बापाचे. लगीन नवं व्हतं, तो म्हनला मिठानं हात खाल्लेत. मी खोबरेल लावून दिलं. रोज लावायची. त्याच्यामागं माजी पोरं — पोटात राहायची आन जायची. एक निळं जन्मलं. लोक म्हनायचे ठमीची कूस वाईट. किती वरीस म्हनत व्हते… राघो लई उशिरा झाला. डागदरानं विचारलं, ‘बाई, काय झालं?’ मी म्हनलं काय नाय, ऊन लागलं.

— कशाला काढलं मी हे. कोनाला बोलले नाय कधी, राघोला पन नाय. तुमी पानी प्या. प्यालात? बरं झालं.

तर घरी आलो. बायजा पुढं चाललेली, मागं वळून नाय बघितलं. राघो म्हनतो, ‘आये, आता हिला घरात घेऊ ना?’ मी म्हनलं, हिला घेते. तू तुजी घोंगडी उचल. हां, तोच हाय खोपीत! डागदरानंच सांगितलंय, औषध संपेपर्यंत नवरा-बायकोनं येगळं निजायचं. तोंडातले चट्टे जाईपर्यंत बायजाचा पेला येगळा, तसा त्याचा पन येगळा. आळीतली मानसं आली विचारायला, मी दारात उभी राहून मोठ्यानं सांगितलं, रोग कुठला, कुठून आला, कोनी आनला. सगळ्या बाया आपापल्या नवऱ्यांकडं बघत घरी गेल्या! त्या दिवशी किती घरांत हात धुवून उजेडात धरले असतील देव जाने.

औषध कडक हाय. पाऱ्याचं. हिरड्या दुखायच्या, तोंडाला लाळ सुटायची, पोरगी बोलताना पदर लावायची. पन डाग गेले. केस येतायत, लहान पोरासारखे मऊ. बघालच. पन डागदर म्हनला ते लक्षात ठेवा, ‘डाग गेले म्हणजे रोग गेला असं नाही, औषध सोडायचं नाही.’ म्हनून सांगते, तुमी आज तिला नेलीत तर तिकडं औषध कोन देनार? आन आळी म्हनंल, बघा, बापानं नेली, म्हंजे महारोगच व्हता. तुमचा राग खरा हाय. राघोला दोन ठेवून द्यायच्या असतील तर खोप त्या बांधाच्या पलीकडं हाय, मी वाट दाखवते. पन पोरीला — मला राघो एक वेळ नसला तरी चालंल, व्याही. हिच्याबिगर या घरात माज्याशी बोलनारं कोन हाय?

आली बघा. ती काय, डोक्यावर पाटी. बायजे, बघ कोन आलंय! — अगं रडतेस काय, बाप हाय, भगत नाय. बस हितं. तुला न्यायला आलेत. मी काय बोलनार नाय, तूच सांग. जातेस का राहतेस?

काय? मोठ्यानं बोल, त्यांला कमी ऐकू येतं.

ऐकलंत? औषध संपल्यावर माहेरी येनार म्हनते, महिनाभर. आन मंग? — ‘मंग मनात आलं तर परत येईन.’ मनात आलं तर! बघा, कशी बोलते! राघो ऐकंल तर खोपीतच बसंल जन्मभर. ऐकू दे. बरंच हाय.

चला, उठा आता, पाय धुवा. व्याही, उठा म्हनते ना, त्या पोरीकडं असं बघत बसू नका, मला पन रडू येतंय आन भाकऱ्या करपतायत.