एका नावाची दोन ठिकाणं

दादा : अजून कानात आहे मास्तरांचा आवाज. "अरे, कोडच्या हजार फायली पाठ कशाला करतोस? सूची बनव. नावावर बोट ठेव, ती हात धरून नेईल."

धाकटी : त्यांनीच शिकवलं ना तुला काम? आणि त्यांची नोकरी गेल्यापासून अकरा वर्षं तू इथे ऑफिसात कुणाला सूची लावू दिली नाहीस. म्हणे, "मला विचारा, मला सगळं पाठ आहे!"

दादा : आज तू लावलीस ना? झालं तर मग.

धाकटी : चार मिनिटांत लावली. लिफ्टचा अख्खा कोड समोर. कुठलं फंक्शन, म्हणजे एकेका कामाचा तुकडा, कुठे लिहिलंय, त्याला कोण बोलावतंय, सगळं. 'दार थांबव'वर बोट ठेवलं, तर दोन ठिकाणं दाखवतेय.

दादा : असेल काहीतरी जुनंपानं.

धाकटी : एक मास्तरांचं. मधे हात आला की दार मागे घेणारं. दुसरं तुझ्या फायलीत. आत एक ओळ नाही, नुसतं कोरं. आता त्याला कुणी बोलावतही नाही.

दादा : हळू बोल गं. पलीकडे सगळे बसलेत.

धाकटी : अकरा वर्षांपूर्वी आपल्या लिफ्टच्या दारात एका बाईंचं मनगट मोडलं, तेव्हा मास्तरांचीच चूक ठरली ना? त्यावरूनच त्यांना घरी बसवलं ना?

दादा : मला दार न हलवता माझा कोड तपासायचा होता. म्हणून त्याच नावाचं पोकळ फंक्शन ठेवलं. काढायचं राहिलं, आणि लिफ्टमध्ये मास्तरांच्याऐवजी माझंच गेलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी गुपचूप नीट केलं.

धाकटी : मग पुसून का नाही टाकलंस?

दादा : हात धजला नाही. मास्तरांचा तेवढाच एक साक्षीदार होता तो.

धाकटी : आणि त्याला कोंडून ठेवलंस! मी मैत्रिणींना सांगायचे रे, माझ्या दादाला सूचीसुद्धा लागत नाही.

दादा : नको गं. मान वर होत नाहीये माझी.

धाकटी : हा मास्तरांचा नंबर. लावतेय.

दादा : नोकरी जाईल माझी. आणि कुठल्या तोंडाने बोलू?

धाकटी : आहे त्याच तोंडाने. घे.

(फोन लागतो.)

मास्तर : कोण? अरे, तू होय! किती वर्षांनी! बरा आहेस ना बाळा? आवाज का असा?

दादा : मास्तर, दार थांबवायचं तुमचं फंक्शन बरोबर होतं. त्या दिवशी लिफ्टमध्ये गेलं ते कोरं फंक्शन माझं होतं.