गाठ सुटली नाही

कन्हानच्या थांब्यावर पुष्पलताबाईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं नागपूरच्या बसची वाट पाहत होतं. मघाशी घाटावर दोघं लेकीच्या अस्थी सोडताना त्यांना दिसली होती.

“अवो प्राचीचे बाबा, ते प्लास्टिकची पन्नी कुठं हाये?”

“कोनती वं?”

“मडकं फुटलं म्हनून अस्थी पन्नीत बांधल्या होत्या ना तुमी?”

“सोडली.”

“पन्नीसकट?”

“गाठच नाही सुटली.”

“कापडाची थैली घेतल्याबिगर पोरगी कधी बाजारात नाही गेली.”

“मले माहीत नाही काय? मीच हासत होतो तिले. म्हनलं, नागपूरले कुठं समुद्र हाये?”

“मंग?”

“म्हने, बाबा, आपली कन्हान वैनगंगेत जाते. तिथून गोदावरीत, अन् मंग समुद्रात. आपन फेकलेलं सारं तिथं जाते.”

बस आली.

“चढा आता. नाही भेटायची ते पन्नी.”

“तू जाय घरी. मी काठाकाठानं पाहून येतो.”

पुष्पलताबाईंनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. तो चार पावलं गेला, तशी म्हातारीही रांगेतून बाहेर पडली.

“थांबा. तुमाले दूरचं दिसते काय? मले येऊ द्या.”